दोन मुसळं, एक उखळ

दसऱ्याला लुटलेली आपट्याची पानं देव्हाऱ्यात वाळत पडलेली असतात आणि इकडे लवकर पिकणारं हळवं भात पिवळं होऊन झुकलेलं असतं. पावसाने हात आखडता घेतलेला असतो, पण बांधावरून चालताना पायाला ओल लागतेच. उल्हास नदी गढूळपणा सोडून निवळायला लागते. माथेरानच्या डोंगरावरचे ढग ऊन चांगलं वर येईपर्यंत हलायचं नाव घेत नाहीत. आणि मग एके दिवशी सकाळी आमच्या भिसेगावात कुठूनतरी भिजलेल्या नव्या भाताचा वास येतो. जरा आंबूस, जरा गोड. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी खुशाल नाक मुरडावं. मला तो आला की मी पदर खोचते.

हा आमचा पोह्यांचा हंगाम. आता पोहे म्हटले की लोक वाण्याकडे जातात आणि गिरणीचे पोहे घेऊन येतात. पांढरेशुभ्र, एकसारखे, आणि चवीला कोरे. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझी सून म्हणते की मी दिवसभर दुसरं काहीच करत नाही. पण गावात अजून काही घरं अशी आहेत की त्यांना दिवाळीच्या पहाटे हातकांडीचेच पोहे लागतात. त्या घरांसाठी मी आणि माझी जोडीदारीण गोदा वर्षातले थोडे दिवस उखळावर उभ्या राहतो. धप्-धप्, धप्-धप्. एक तिचं मुसळ, एक माझं.

त्या आवाजात उभी असले की मन मागे जातं, आणि ते दर वेळी एकाच हंगामाकडे जातं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि लग्न होऊन मी चौकाहून भिसेगावात आले होते.

माझ्या वडिलांचं चौकाला मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर चहाचं दुकान होतं. लष्कराच्या गाड्यांची धूळ खात आणि ड्रायव्हरांच्या कपबशा विसळत मी वाढले. दुकानात सकाळी कांदेपोहे व्हायचे, आणि त्यासाठी लागणारे पोहे यायचे भिसेगावच्या भट्टीतून, बैलगाडीने. वडील पोह्यांची मूठ उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "हात बघा बायांचा!" पुढे त्याच भट्टीच्या मालकिणीने आपल्या मुलासाठी माझी मागणी घातली. पोह्यांच्या गाडीतून सोयरीक आली म्हणून माझ्या मैत्रिणींनी मला किती तरी दिवस छळलं.

भट्टी म्हणजे काय होतं? कारवीच्या कुडाची, पेंढ्याने शाकारलेली एक पडवी. एका बाजूला जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, दुसऱ्या बाजूला मोठी चूल आणि तिच्यावर लोखंडी कढई. कढई माझ्या सासूबाईंची होती. त्यांचं नाव भागीरथी. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उखळ येसूमावशींचं. येसूमावशी आमच्या नात्यातल्या नव्हेत, पलीकडच्या आळीतल्या. आत्याबाई तरुणपणी विधवा झाल्या, पदरी लहान मुलगा. येसूमावशींचा नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडेच तापाने वारला, मूलबाळ नव्हतं. एकीकडे कढई होती, दुसरीकडे उखळ होतं, आणि दोघींकडे हात होते. तेवढ्यावर भट्टी उभी राहिली.

पोहे करायचं काम जोडीचं. रात्री कढत पाण्यात भिजवलेलं भात सकाळी टोपलीत निथळायचं, मग तापल्या कढईत भाजायचं. तडतडायला लागलं रे लागलं की गरमागरम उखळात टाकायचं. एका वेळी टाकलेल्या भाताला घाणा म्हणायचे. मग दोघींनी समोरासमोर उभं राहून आळीपाळीने मुसळ मारायचं. एकीचं वर, तेव्हा दुसरीचं खाली. तिसरीने खाली बसून, दोन ठोक्यांच्या मधल्या सवडीत, काठीने भात वरखाली करायचं. भात गरम आहे तोवरच दाणा चपटा होतो. हात रेंगाळले, भात निवलं, की पोहा जाड राहतो, नाहीतर फुटतो. म्हणून उखळावर बोलायला कुणी थांबत नाही. तिथे श्वास तेवढा ऐकू येतो.

नवी सून म्हणून ती तिसरी जागा माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी दोन मुसळांच्या मधे काठी घालताना माझे डोळे आपोआप मिटत होते. येसूमावशी म्हणाल्या, "सूनबाय, डोळं उघडं ठेव. बोट गेलं तर पोह्यात सापडंल कुनाच्या तरी." आणि एवढं बोलून त्या इतक्या हसल्या की एक ठोका चुकला आणि आत्याबाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मला तो हंगाम आठवतो तो आधी अंगाला आठवतो. कढईची धग एका गालाला आणि बाहेरचा गार वारा दुसऱ्या गालाला. केसांत, पापण्यांत, नाकात कोंडा. अंघोळ करून आलं तरी पदराला येणारा भाजलेल्या भाताचा वास. ताजा पोहा, अजून कोमट, तोंडात टाकला की आधी काहीच लागत नाही, मग हळूहळू दुधासारखी गोडी उतरते. घाटाकडून, ठाकुरवाडीच्या अंगाने, चढ चढणाऱ्या इंजिनाचा धापा टाकल्यासारखा आवाज यायचा. आमचे हे तिकडेच रेल्वेत होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. इंजिन ओरडलं की आत्याबाई मान न वळवता म्हणायच्या, "सदाची गाडी वर गेली." ती यांची गाडी नव्हती, हे रुळांवर काम करायचे. पण आईला सगळ्याच गाड्या सदाच्या.

नोकरीतल्या माणसाचं बरं असतं. एक दिवस वरून सांगणं येतं की तुमचं वय झालं, उद्यापासून येऊ नका. हार घालतात, चहा पाजतात, घरी पाठवतात. स्वतःचा धंदा करणाऱ्याला हे कोण सांगणार? त्याचं त्यानेच ओळखायचं आणि त्याचं त्यानेच बोलायचं. त्यात जोडीचा धंदा असला तर आणखी पंचाईत. मी थांबले तर समोरचीही थांबते. तिची इच्छा असो नसो. एकाच मुसळाने कांडलेले पोहे मी अजून पाहिलेले नाहीत.

आत्याबाई आणि येसूमावशी यांनी आपल्या म्हातारपणाचा बेत फार आधी करून ठेवला होता, आणि मी आल्या आल्या तो मला ऐकवला गेला. अंगात बळ आहे तोवर दोघींनी कांडायचं. मग मुसळं दुसऱ्या जोडीला द्यायची आणि आपण बसायचं. आत्याबाई चुलीपाशी बसून भाजणार, येसूमावशी सुपाने पाखडणार. भाजायला नजर लागते, पाखडायला मनगट लागतं. खांदा आणि कंबर दोन्हींना आराम. बेत छान होता. अडत होतं ते एका रिवाजापाशी. आमच्याकडे लोक आपापलं भात घेऊन यायचे आणि कांडपाचा मोबदला म्हणून पोह्यांतला वाटा ठेवून जायचे. चौकाला जायचे ते त्यातलेच. तो वाटा मुसळाचा. जी कांडते तिचा. चुलीपाशी घरातली म्हातारी बसते, सुपापाशी कुणीही बसतं, त्यांचा वाटा कुणी धरत नाही. म्हणजे मुसळ खाली ठेवलं की मिळकत संपली. आत्याबाईंना निदान मुलगा होता. येसूमावशींना त्या उखळाशिवाय काही नव्हतं.

आत्याबाईंच्या डोक्यात होतं की हा रिवाज आपण मोडायचा. कसा, ते ठरलेलं नव्हतं. पण मोडायचा हे ठरलेलं होतं. त्या असं काही ठरवलं की खालचा ओठ वरच्या ओठावर घट्ट बसवायच्या, आणि तो तसा बसला की घरात कुणी वाद घालत नसे.

हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. दुपारी मी आत्याबाईंच्या डोक्याला तेल लावत होते. त्या हळूच म्हणाल्या, "इंदू, येसूचा खांदा गेलाय."

"काही बोलल्या त्या?"

"ती काय बोलतेय! मला आवाजावरनं कळतंय. मुसळ पडतंय पन त्याच्यात जोर नाय. म्हनून मी जरा हळू घेते हल्ली. तिला तेवढाच दम मिळतो. तू बोलू नको तिला."

"मग त्यांना थांबायला सांगा ना."

"थांबली तर वाटा गेला. वाटा गेला तर खाईल काय? माजा सदा हाय. तिला कोन हाय गं?"

मी म्हटलं, बरं.

पुढे दोन-चार दिवसांत येसूमावशींबरोबर नदीवर टोपल्या धुवायला गेले. पाणी घोट्यापर्यंत, गार, आणि टोपल्यांतून निघालेला कोंडा पाण्यावर तरंगत चाललेला. मासे त्यावर तुटून पडत होते. येसूमावशींनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, "सूनबाय, घरात बोलू नको. भागीची कंबर गेली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मुसळ उचलताना ओठ दाबून धरते ती. मी काय आंधळी हाय? म्हनून मी हळू घेते. तिला वाटू नये की मी फुडं नि ती मागं. ती थांबली तर सदा तिला घेऊन जाईल ठाकुरवाडीला, त्या रेल्वेच्या खोलीत. तिथं बसून बसून मरंल ती. बसून खानारी बाय नाय ती."

मी पुन्हा म्हटलं, बरं. नवी सून दुसरं काय म्हणणार?

पण काठी माझ्या हातात होती, आणि काय चाललंय ते मला खालून स्वच्छ दिसत होतं. आत्याबाईंनी येसूमावशींसाठी ठोका लांबवला की येसूमावशींना वाटे, हिची कंबर आज जास्तच दुखतेय. मग त्या आणखी लांबवत. ते ऐकून आत्याबाईंना वाटे, खांदा पार गेला हिचा. मग त्या आणखी. धप्... धप्. दोघींच्या मधल्या सवडीत मी काठी फिरवून, पदराने घाम पुसून पुन्हा काठी फिरवत होते. भात उखळातल्या उखळात निवत होतं. इतक्या मायेने इतका वाईट माल मी पुन्हा कधी निघताना पाहिला नाही.

आणि तरी दोघींपैकी एकही तोंड उघडायला तयार नव्हती. पोहे जाड निघत होते ते दोघींना दिसत होतं. आत्याबाई म्हणायच्या, यंदा भातच तसं आहे. येसूमावशी म्हणायच्या, पाऊस लांबला ना, दाणा भरला नाय. भाताला दोष देणं सोपं. ते उलटून बोलत नाही.

बोलल्या त्या ताराकाकी. वरच्या आळीतल्या, जुन्या गिऱ्हाईक, जिभेला हाड नाही. दिवाळीचा पहिला दिवस, अभ्यंगस्नान उरकलेलं, दारात पणत्या अजून धुगधुगत होत्या, आणि या बाई दहीपोह्यांची वाटी घेऊन आमच्या अंगणात हजर. नवी साडी, अंगाला उटण्याचा वास आणि कपाळाला आठ्या.

"भागे, हे पोहे हायेत का कवड्या? पहाटंपासनं दह्यात घातलेत, अजून भिजायचं नाव नाय. आमच्या म्हाताऱ्याचा एकच दात राहिलाय, तो बी हे पोहे मागतायत."

आत्याबाईंनी वाटीत बोट घातलं. एक पोहा चेपून पाहिला.

"कर्जतला इंजिनाची गिरनी निघालीय म्हनं, पोह्यांची. मला तुमचा हात सोडून जायचं नव्हतं. पन असंच असंल तर मी आपलं भात तिकडं टाकीन. नि मी एकटी नाय बोलत हाय. समदी आळी बोलतेय. मी तोंडावर बोलते एवढंच."

वाटी ओट्यावर ठेवून ताराकाकी गेल्या. दिवाळीची सकाळ आणि अंगणात आम्ही तिघी उभ्या. येसूमावशी तेवढ्यात फराळाला आल्या होत्या, त्यांच्या हातात चकली तशीच होती. आळी तिकडे गेली की भट्टी संपली, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मुसळ दुसऱ्या जोडीला देण्याचा बेत, चुलीपाशी बसण्याचा बेत, सगळा त्या वाटीत बुडाला होता. आणि या दोघी अजूनही एकमेकींच्या तोंडाकडे काळजीने बघत होत्या.

माझा स्वभाव मुळात गप्प बसणाऱ्याचा नाही. वडिलांच्या दुकानात मी ड्रायव्हरांना पैसे दिल्याशिवाय हलू देत नसे. मी म्हटलं, "आत्याबाई म्हणतात येसूमावशींचा खांदा गेला. येसूमावशी म्हणतात आत्याबाईंची कंबर गेली. दोघी एकमेकींसाठी हळू मारताय आणि भात थंड होतंय. भाताला कशाला बोल लावता?"

नव्या सुनेने असं बोलणं म्हणजे काय, ते त्या काळातल्या बायकांनाच विचारा. मला वाटलं आता मला चौकाला परत धाडतात.

"माजा खांदा?" येसूमावशी म्हणाल्या. "माजा खांदा गेला बोललीस तू, भागे?"

"नि माजी कंबर कुनी बघितली?"

"आगं, तू ओठ दाबतेस!"

"मी जन्मल्यापासनं ओठ दाबते!"

"मला दम देत व्हतीस तू? मला? इतकी वर्सं कांडलं तुज्यासमोर, मला दम देतेस?"

"मंग तू काय करत व्हतीस?"

दिवाळीच्या दिवशी भट्टी बंद असते. त्या दिवशी ती पेटली. सण, फराळ, नवी लुगडी, सगळं बाजूला राहिलं. आत्याबाईंनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "टाक गं भात कढईत." दुसऱ्या दिवसासाठी रात्रीच भिजत घालून ठेवलेलं भात होतंच. मी भाजलं, उखळात ओतलं, आणि काठी घेऊन बसते न बसते तोच पहिलं मुसळ पडलं.

मी त्याआधी त्यांचं खरं कांडप पाहिलंच नव्हतं. तेव्हा पाहिलं. धप्-धप्-धप्-धप्, मधे फट म्हणून नाही. दोघी रागाने लाल, डोळे एकमेकींवर रोखलेले, श्वास एकदम. माझी काठी कशी चालत होती ते मला ठाऊक नाही, मला भीती वाटायलाही सवड नव्हती. जमीन हादरत होती. ओट्यावरची ताराकाकींची वाटी खुळखुळत होती. घाणा संपला तेव्हा मी एक पोहा उचलून बोटावर ठेवला. त्याच्यातून बोटाच्या रेघा दिसत होत्या.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या.

"तूच बघ," येसूमावशी म्हणाल्या आणि घाम पुसायला हात उचलायला गेल्या. हात खांद्याच्या वर येईना. अर्ध्यावरच थांबला. आत्याबाई त्यांच्याकडे धावायला गेल्या तर त्यांना सरळ होता येईना. ओणव्याच राहिल्या, मुसळाला धरून.

येसूमावशी म्हणाल्या, "गेलाय गं भागे. खांदा गेलाय."

"कंबर बी गेलीय."

आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मीही रडले. का रडले ते आता सांगता येईल: मला त्या दोघी फार आवडल्या होत्या, आणि आपण ज्या घरात पडलो ते चांगलं घर आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं.

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि त्यांचा खालचा ओठ वरच्या ओठावर जाऊन बसला. "थांबायचं," त्या म्हणाल्या. "दोघींनी एकदम. एक मागं नि एक फुडं नाय. चुलीचा वाटा नि सुपाचा वाटा मुसळाइतकाच धरायचा. ज्यांना पटंल त्यांनी भात आनावं. पोहे असे निघाले तर पटंल."

"नि कांडील कोन?" येसूमावशींनी विचारलं. "बसनारीइतक्याच वाट्यात कोन बाय खांदा मोडून घेईल?"

मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. पण मी काठी खाली ठेवली, उठले आणि आत्याबाईंच्या हातातलं मुसळ घेतलं. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा किती तरी जड होतं, म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरलं.

हे भाऊबिजेला आले तेव्हा घरात निराळंच वादळ झालं. हे म्हणाले, आता भट्टी पुरे, आईने माझ्याकडे यावं, रेल्वेची खोली आहे, पगार आहे. लोक काय म्हणतील, आईला नि बायकोला कांडायला लावलं? यांच्या बोलण्यात माया होती, आणि मला ते दिसत होतं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सदा, तू चांगला हायस रं. तुज्या घरी मी येईन, चार दिवस राहीन, नातवंड खेळवीन. पन खाईन ते माजं. नि येसूला कुठं टाकू? तुज्या खोलीत तिला जागा हाय का?"

यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मंग झालं तर. लोकांना म्हनावं, पोहे पातळ हायेत, खावा."

माझ्यासमोर उभं राहायला गोदा आली. गोदा म्हणजे येसूमावशींच्या भावाची मुलगी. नवरा मुंबईला, सासर गावातच. उंच, थोराड, आवाज नदीपलीकडे जाईल असा. मी तिच्या खांद्याशी. पहिल्या दिवशी तिचं मुसळ आभाळातून यायचं आणि माझं कुठूनतरी गुडघ्यातून. तिसरा ठोका पडायच्या आत मुसळं एकमेकांवर आपटली. गोदा येसूमावशींना म्हणाली, "आत्ये, ही बुटकी कुठनं आनलीस?" मी म्हटलं, "चौकाहून. तिथे झाडाएवढ्या बायका नसतात." आमची जोडी अशी जमली.

आत्याबाई आणि येसूमावशी यांनी मग आम्हाला घडवायला घेतलं. माझ्या पायाखाली फरशीचा तुकडा बसवला. गोदाचं मुसळ वरून कापून आखूड केलं. ती रडायचीच बाकी होती. येसूमावशी म्हणायच्या, हातानं मारू नको, श्वासानं मार. आत्याबाई म्हणायच्या, समोरचीचं मुसळ बघू नको, ऐक. आमचे पहिले पोहे म्हणजे नुसता चुरा. तो चुरा आम्ही ताकात घालून खाल्ला, गुळाशी खाल्ला, म्हशीला घातला. हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. रात्री कुशीवर वळता येत नसे. थांबावंसं वाटलं का? वाटलं. पण समोर दोन म्हाताऱ्या बसलेल्या दिसायच्या, आणि त्यांचं पुढचं सगळं आयुष्य आमच्या चार हातांत आहे हे कळत होतं. मग मुसळ पुन्हा वर जायचं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी घाणा संपला आणि येसूमावशींनी सुपातला एक पोहा उचलून बोटावर ठेवला. बराच वेळ बघितला. मग तो आत्याबाईंच्या तोंडात घातला. त्या दिवशी आत्याबाईंनी दोन पाट आणले. एक चुलीपाशी मांडला, एक सुपापाशी. कंबर धरून बसल्या आणि आम्हा दोघींना म्हणाल्या, "एक ध्यानात ठेवा. मुसळ धरून एकमेकीला जपायचं नाय. दुखलं तर तोंडानं सांगायचं, मुसळानं नाय."

ताराकाकींना मी स्वतः नेऊन पोहे दिले. त्यांनी ते भिजवले, खाल्ले, आणि चुलीचा नि सुपाचा वाटा द्यावा लागेल हे ऐकून म्हणाल्या, "पोहे निम्मे म्हाताऱ्याच करतात, आमाला ठाऊक हाय." त्यांनी कबूल केल्यावर आळीने कबूल केलं.

दोघी त्या पाटांवर पुष्कळ वर्षं बसल्या. भांडल्या, भाजलं, पाखडलं, आणि आपल्या वाट्याचं खाल्लं. येसूमावशी शेवटी आमच्याच घरी होत्या, पण कुणाच्या उपकारावर नव्हत्या. जाण्याआधीच्या दिवाळीतसुद्धा त्यांच्या वाट्याचे पोहे त्यांच्या डब्यात वेगळे भरलेले होते, आणि त्यातले त्या माझ्या मुलांना मूठ मूठ देत होत्या. देताना त्यांचा चेहरा मालकिणीचा असायचा.

ते पाट मी ठेवून दिले आहेत. भट्टीतच, कुडाला टेकवून.

परवा सकाळी आम्ही उखळावर होतो. ऊन कोवळं होतं, भात चांगलं तडतडलं होतं. माझी सून काठी घेऊन बसली होती. आणि गोदाचं मुसळ किंचित मागे पडलं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मला कळलं, आणि माझा हात आपोआप सैल झाला. तिला जरा दम मिळू दे, असं मनात आलंसुद्धा. मग एकदम माझ्या लक्षात आलं, मी काय करतेय ते.

मुसळ न थांबवता मी विचारलं, "गोदे, दुखतंय काय गं?"

तिने मुसळ वर नेलं. धप्. धप्.

"तोंडानं सांगायचं ठरलंय."

"दुखतंय," ती म्हणाली. "गेल्या सालापासनं. तुजं?"

"माजं बी."

"मंग बोलली का नायस?"

"तू बोललीस?"

उखळात भात गरम होतं. ते तसं टाकून चालणार नव्हतं. आम्ही श्वास एक केला आणि घाणा संपेपर्यंत पूर्वीसारखं मारलं, मधे फट म्हणून नाही. मग मी मुसळ भिंतीला लावलं, गोदाच्या हातातलं काढून घेऊन तेही लावलं, आणि ते दोन पाट पुढे ओढले. पदराने पुसले. एक चुलीपाशी ठेवला, एक सुपापाशी.

"नि कांडील कोन?" गोदाने विचारलं.

"उभं राहील कुणीतरी. मी राहिले होते."

"नि नाय राहिलं तर?"

"तर शोधू. अजून हंगाम आहे. तू आधी बस."

ती बसली. मग मीही बसले.